वैनीनं घेतलेली आण

मी अंगणात नागडा फिरत होतो तेव्हापासून वैनी मला 'अहो भाऊजी' म्हणायची. "अहो भाऊजी, नाक पुसा." "अहो भाऊजी, माती खाऊ नका." सारं साखरा गाव हसायचं. पण आई मेलेल्या पोराला एवढा मान देणारं घरात दुसरं होतं कोण? मी दुसरीतच शाळा सोडली. पुढची शाळा वैनीची.

तिच्या घरात वाराचं काम त्याच वारी व्हायला पाहिजे. शुक्रवारी सारवण, शनिवारी डोक्याला तेल आणि मारुतीला दिवा, बाजाराच्या दिवशी मी गोरेगावला. सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, आणि त्याच दिवशी ओढ्यावर साऱ्या घराचं धुणं. बाजारातून मीठ आणायचं विसरलो की पिशवी झटकून विचारायची, "भाऊजी, बाजार कराला गेलते का बाजार पाहाला?"

एका साली पेरणीचा वाफसा बराबर आला तो नेमका सोमवारी. मी हट्टानं तिफण जुंपली. वैनी पांदीत बैलांच्या पुढ्यात बसली. "आज बैल न्हाई. जू तुमच्या खांद्यावर घ्या, तिफन मी धरते." वाटेवरची माणसं दात काढू लागली. मी बैल सोडले. राग आला, पण तिच्या बोलण्यात खोट नसायची, म्हणून ऐकायचो. शपथ तर ती कधीच घेत नसे. तिच्या दोन्ही पोरी ऊठसूट देवाची आण घ्यायच्या, तेव्हा डाफरायची, "आण म्हंजे काय चिंचोके हायेत उधळाला?"

दादा साप चावून गेला. मग घरात गडीमाणूस म्हणून मी, आणि खाटेला लागलेले बाबा. निजामाचं राज्य शेवटाला आलं ते साल. गावोगाव घरं लुटली जात होती, निजामाची माणसं तरण्या पोरांना धरून नेत होती. लोक पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात पळत होते. मी सांगून टाकलं, "मी न्हाई हालत. बापाला टाकून पळू काय?"

वैनीनं माझ्या गळ्याला हात लावला. "पोरीयला नदीपल्याड माह्या माहेरी नेऊन सोडा. सोमवारी मी मामंजीला घेऊन शेजाऱ्याच्या गाडीत येते. तुमच्या गळ्याची आण."

आण ऐकली आणि मी गाडी जुंपली.

सोमवारी दिवसभर मी नदीकाठी उभा. दिवस कलल्यावर डोक्यात उजेड पडला. सोमवारी गाडी जुंपू देणारी ती बाई होती का? निघताना एवढंही मला सुचलं नव्हतं. परत फिरलो तर तिच्या भावानं वाट अडवली. त्याला तिचा निरोप आधीच पोचला होता. तेवढ्यात पाऊस लागला आणि पैनगंगा दोन्ही थड्या धरून वाहू लागली.

पूर ओसरल्यावर आमच्या गावचा मणेर चाचा बांगड्या विकत तिकडं आला. म्हणाला, "तुमची भाभी लई हुशार! घर में जवान मरद नै, पन हर सोमवारकू दोरी पो तुमचे धोतरां सुखते. देखनेवाला समजता, जवान घर मेंच है." मग मान खाली घालून बोलला, "बुढे बाबा गुजर गये."

बाबांना अग्नी चुलत्यानं दिला होता. मी, त्यांचा जिता मुलगा, नदीच्या पल्याड.

राज्य गेलं, वैनीच्या भावानं वाट सोडली, मी घरी आलो. वैनी भाकरी थापत होती.

"माह्या गळ्याची खोटी आण घेतली?"

"व्हय. तुमी ऐकत नव्हते."

"बाबाचं शेवटलं आलंय, ठावं होतं तुला?"

"ठावं होतं. त्यायलाबी ठावं होतं." तिनं भाकर तव्यात टाकली, पाण्याचा हात फिरवला. "भाऊजी, तुमच्या हातचा अग्नी त्यायला भेटला न्हाई, हे माह्या माथी. पर तुमाला अग्नी द्याची पाळी त्यायच्यावर आली असती तं?"

तिचं बोलणं खरं होतं. आजही खरं आहे. पण खरं आहे म्हणून फसवणूक मिटते असं थोडंच आहे?

मी चूल वेगळी केली. तिचं शेत पेरलं, तिच्या पोरींची लग्नं उभं राहून लावली. तिच्या हातचं पाणी मात्र पुन्हा प्यालो नाही.

ती गेली तेव्हा अग्नी मीच दिला. तिला मुलगा नव्हता. मसणवटीतून परतताना भावकीतला एक जण म्हणाला, "पोटच्या पोरावानी केलंस रे."

मी म्हणालो, "पोटच्या पोराच्या गळ्याची खोटी आण कोनी घेत असतंय का?"