तारेवरच्या चार चिंध्या

विमानाच्या मिस्त्रीला सगळे चिंधीमास्तर म्हणायचे, आणि तो ते नाव पदवीसारखं मिरवायचा. छोट्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याची शेड, तिच्यात शिकाऊ वैमानिकांची दोन आसनी विमानं, आणि तारेवर चिमट्याने लावलेल्या जुन्या चादरीच्या चार चिंध्या. इंजिनाचं तोंड उघडं असताना आत नट पडू नये म्हणून मास्तर त्यात चिंधी कोंबायचा. काम झालं की चारही तारेवर, आणि मग विमान शिकवणाऱ्या बाईंना मोठ्याने, "एक, दोन, तीन, चार. न्या, बाई!" हा माणूस जेवतानाही घास मोजतो, अशी त्याची थट्टा व्हायची. व्हायचीच. पण तीस वर्षांत चाराचे तीन झाले नव्हते.

त्या सकाळीही चार भरल्या. बाई एकट्याच चाचणीला निघाल्या. झाडांच्या वर पोचतात न पोचतात तोच इंजिन खोकलं, गुदमरलं आणि बंद पडलं. बाईंनी डोकं शांत ठेवून विमान समोरच्या नांगरलेल्या शेतात घातलं. चाक मोडलं, एक पंख वाकला. मास्तर धापा टाकत पोचला तेव्हा बाई बांधावर बसल्या होत्या, डावा हात छातीशी धरून.

"हात मोडला वाटतं, मास्तर. बाकी मी आहे जागेवर."

मास्तर तिथेच ढेकळांवर बसला आणि हमसून रडला.

दोन दिवसांनी चौकशीचे साहेब शेडमध्ये आले. त्यांनी मास्तरला इंजिनाचं झाकण काढायला सांगितलं आणि स्वतः दाराशी फोनवर बोलत उभे राहिले. मास्तरने हवेच्या नळीत हात घातला. हाताला कापड लागलं.

त्याने तारेकडे पाहिलं. चार. नीट पाहिलं, तेव्हा त्यातली एक कोरी निघाली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. चिंध्या धुऊन डब्याच्या पिशवीत घालायचं काम बायकोचं. एक विरलेली दिसली म्हणून तिने नवी फाडून घातली होती, आणि जुनी टाकायचंही तिच्या जिवावर आलं होतं. पाच झाल्या होत्या. मास्तरने मोजल्या चार, आणि पाचवी नळीतच राहिली.

साहेबांची पाठ होती. खिसा हाताशी होता. कुणाच्या बापाला कळलं नसतं! मास्तरचा हात खिशापर्यंत गेला आणि मागे आला.

"साहेब," तो म्हणाला, "ही चिंधी माझी."

तीन महिने घरी बसवलं त्याला. पहिल्याच दिवशी तो बाईंच्या घरी गेला, पण दारातच उभा राहिला. हात गळ्यात बांधलेल्या बाईंनीच विचारलं, "साहेबच सांगत होते, त्यांची पाठ होती म्हणे?"

"होती."

"मग मी बरी झाल्यावर माझं विमान तुम्हीच तपासायचं. ती चिंधी खिशात गेली असती, तर माझंच काहीतरी चुकलं म्हणून मी जन्मभर स्वतःला दोष देत बसले असते. आत या, उन्हात काय उभे!"

घरी बायकोने विचारलं, "अहो, पण तारेवर तर चार होत्या ना?"

"मोजायला चुकलो गं," मास्तर म्हणाला. मोजणीच्या बाबतीत तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला. ती भाजी ढवळत राहिली.

बाई परत उडणार होत्या त्या सकाळी मास्तरने पिशवी उघडली. डब्याखाली धुतलेल्या चिंध्या होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने आकडा भरला होता, एक ते चार. चाराचा जरा वाकडा, रात्री चष्मा न सापडता भरल्यासारखा. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! तीन महिने ती त्याला डाळभात वाढत होती आणि गप्प होती.

काम आटोपलं. मास्तरने चारही आकडे तारेवर ओळीने लावले आणि समोर उभा राहून एकेका आकड्यावरून बोट फिरवू लागला.

विमानात बसलेल्या बाईंनी हाक मारली, "काय झालं, मास्तर? कमी आहे का एखादी?"

"नाही, बाई," त्याने बाहीने डोळे पुसले. "चारही आहेत. न्या."