हॉल आपलाच आहे

"हॉल आपलाच आहे हो वहिनी," दिगंबरकाका फोनवर तिसऱ्यांदा म्हणाले. मीही तिसऱ्यांदा विचारलं, "म्हणजे बुकिंग झालंय ना?" त्यावर ते मनापासून हसले आणि साहेबांना नमस्कार सांगा म्हणून फोन ठेवून दिला. साहेब म्हणजे माझा नवरा. तो बनारसमध्ये बँकेत आहे, आणि काका ज्या धर्मशाळेचे व्यवस्थापक आहेत तिचं खातं त्याच्याच शाखेत आहे.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. स्क्रीनवर, ज्या कार्यक्रमासाठी हा हॉल हवा होता त्याच्यापुढे पिवळा ठिपका होता. तो हिरवा करायचा की नाही हे मला ठरवायचं होतं, आणि "हॉल आपलाच आहे" या उत्तरासाठी माझ्याकडे रंगच नव्हता.

माझं काम थोडं सांगते, कारण माझ्या सासूबाईंनाही ते अजून नीट कळलेलं नाही. व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांचे मेळावे, परिषदा, प्रदर्शनं देशात आणि बाहेर होत असतात. खेळणाऱ्यांचे नव्हेत, बनवणाऱ्यांचे. दोन-चार जणांच्या छोट्या स्टुडिओला तिथे पब्लिशर भेटतो. पब्लिशर म्हणजे गेममध्ये पैसे घालून तो बाजारात नेणारा. कुठला मेळावा कुठे आहे, कधी आहे, जाण्यासारखा आहे का, हे सांगणारी वेबसाइट मी एकटी चालवते. पूर्वी पुण्यात एका गेम स्टुडिओत प्रॉडक्शनचं काम करायचे. नवऱ्याची बदली झाली, नोकरी सुटली, हे राहिलं. आयोजकांकडून मी जाहिरात घेत नाही, फुकट पासही घेत नाही. त्यामुळे मला कुणाची भीड नसते. नवऱ्याच्या मते ती तशीही कधी नव्हती.

साइटवर प्रत्येक कार्यक्रमापुढे एक ठिपका असतो. पिवळा म्हणजे आयोजक म्हणतोय. हिरवा म्हणजे मी खात्री केली आहे. लाल म्हणजे रद्द. हिरवा पाहून पोरं रेल्वेची तिकिटं काढतात, ऑफिसात रजा टाकतात, म्हणून हिरव्याच्या बाबतीत मी खडूस आहे. आयोजकाला मी विचारतच नाही. आयोजक जन्मतःच आशावादी असतो. मी हॉलवाल्याला फोन करते. करार झालाय की नुसता 'होल्ड' आहे, ते त्यालाच ठाऊक असतं. होल्ड म्हणजे तारीख पेन्सिलीनं लिहून ठेवलेली. दुसरं कुणी भारी गिऱ्हाईक आलं की खोडरबर. आणि हिरव्या ठिपक्याखाली मी खात्री कशी केली तेही लिहिते. 'करार पाहिला.' 'ॲडव्हान्सची पावती पाहिली.' वाचणाऱ्यानं माझ्यावर नुसता भाबडा विश्वास ठेवू नये असं मला वाटतं.

हा कार्यक्रम बनारसचाच होता, आणि पहिलाच. इथली गेम बनवणारी मुलंमुली, काही विद्यापीठातली, काही घरून काम करणारी, एका दिवसासाठी जमणार होती. पुढाकार अनिरुद्धचा. हा काशीतल्या जुन्या मराठी घरातला. वडील संस्कृतचे मास्तर, घरात मराठी, आणि उंबरा ओलांडला की गडी पक्का बनारसी. कित्येक वर्षं एकट्यानं खपून त्यानं एक गेम केला होता. गंगेचं पाणी चढतंय, आपण नावाडी, आणि नाव पायरी-पायरीनं वर आणून बांधत जायची. एवढंच. मी तो खेळायला बसले आणि गॅसवरचा भात करपला. इतका चांगला गेम आहे तो.

वडिलांना त्यानं शब्द दिला होता, की या उन्हाळ्यापर्यंत पब्लिशर मिळाला नाही तर शाळेत कॉम्प्युटर शिकवायची नोकरी धरेन. नोकरी तयार होती. अशात मला बंगळूरहून रेवतीबाईंचा मेल आला. एका पब्लिशरसाठी नवे गेम निवडणं हे त्यांचं काम. बनारसचा कार्यक्रम त्यांनी माझ्या साइटवर पाहिला होता. लिहिलं होतं, 'कार्यक्रम पक्का असेल तरच ऑफिस मला पाठवेल. आईलाही काशी दाखवायची आहे. तुमचा ठिपका हिरवा झाला की दोघींची तिकिटं काढते. पिवळ्यावर आईला हलवणार नाही, तिचे गुडघे दुखतात.'

अनिरुद्धचं सगळं आता त्या ठिपक्यावर आलं होतं. तो मला काही म्हणाला नाही. फक्त दिवसातून दोन-तीनदा साइट उघडून बघत असावा, असा मला संशय होता.

ओळखीचा आहे म्हणून हिरवा देणं माझ्यानं होणार नव्हतं. मी एक सरळ पत्र टाइप केलं. 'अमुक तारखेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत हॉल दिला आहे.' खाली सहीची जागा. प्रिंट घेऊन पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्ल्यांतून धर्मशाळेत गेले. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू तिथे उतरतात. काका मफलर गुंडाळून ऑफिसात बसले होते.

"या वहिनी. थंडी फार आहे, आधी चहा घ्या. आणि हॉलची काही दिक्कत नाही. यात्रेकरू नसले की तो रिकामाच. दुसरं कोण येतंय?"

मी पर्समध्ये पेन शोधत होते. पेन सापडलं, पत्र पुढे सरकवलं. काकांनी ते पूर्ण वाचलं. चष्मा काढला, पत्राची घडी केली आणि परत माझ्या हातात दिली. मग एकदम हिंदीत म्हणाले, "ऐसा है मॅडम, कागज़ का काम समिती देखती है. समिती अक्षय तृतीया के बाद बैठेगी."

कार्यक्रम फेब्रुवारीत होता. आणि मी वहिनीची मॅडम झाले होते. चहा मात्र आला. तो मी मान खाली घालून प्यायले.

संध्याकाळी अनिरुद्ध घरी आला. "ताई, आपने काका से कागज़ माँगा?"

"मागितला. माझं कामच आहे ते."

तो आधी हसला, मग म्हणाला, "आमच्याकडे कागद कधी करतात माहितीये? भावाभावांचं फाटलं, वाटण्या झाल्या, की. काकांनी माझी मुंज त्या हॉलमध्ये केलीय. त्यांना वाटलं असेल, मीच तुम्हाला पाठवलं."

मला फार वाईट वाटलं. पण सवय जात नाही. मी विचारलं, "त्यांचा शब्द पक्का का?"

"एकदम पक्का."

"कुणीही आलं तरी?"

"यात्रेकरू आले तर ते आधी. ते तर होणारच ना ताई. धर्मशाळा आहे."

"अरे, मग हा होल्डच झाला की," मी म्हटलं. राग आला होता, आणि खरं सांगायचं तर आपलं चुकलं नव्हतं याचा थोडा आनंदही झाला होता. अनिरुद्धचा चेहरा पाहिला आणि तो आनंद टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. कागद नेला नाही. मी काकांना म्हटलं, "काका, काल माझं चुकलं. तुमचा शब्द मला पुरेसा आहे. एकच सांगा, कोण आलं तर तुम्ही आम्हाला हॉलमधून उठवाल?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची मराठी परत आली. "हे बरोबर विचारलंत वहिनी. यात्रेकरू आले तर मी नाही म्हणू शकत नाही. लांबून बसमधून आलेली म्हातारी माणसं. त्यांना काय सांगू, आत मुलं गेम खेळतायत?"

"मग कधीच कुणाला हॉल पक्का मिळत नाही?"

"मिळतो ना. लग्न-मुंजीवाले आधी येऊन आपल्या गणपतीपुढे अक्षत ठेवतात, तारीख सांगतात. मग हॉल त्यांचा. यात्रेकरूंचं मी बघतो, मग ते माझं काम."

हॉलच्या दाराशी कोनाड्यात एक छोटा गणपती आहे. मी म्हटलं, "पण हे काही लग्न नाही."

काका अनिरुद्धकडे बघत म्हणाले, "कार्य तर आहे? याचं कार्यच आहे की हे."

अनिरुद्ध घरी पळाला आणि आईकडून कुंकू लावलेले तांदूळ घेऊन आला. गणपतीपुढे अक्षत ठेवली, हात जोडले, तारीख सांगितली, सकाळी किती वाजता येणार ते सांगितलं. मग जरा विचार करून म्हणाला, "आणि एक्स्टेन्शन बोर्ड बरेच लागतील." काका मागून म्हणाले, "विजेचं जपून हं."

घरी येऊन मी कॉम्प्युटरसमोर बसले. करार कशासाठी असतो? माणसाला मागे फिरणं अवघड व्हावं म्हणून. ॲडव्हान्सही त्यासाठीच. आता दिगंबरकाका मागे फिरतील का? ते मला डोळ्यांपुढे आणताच येईना. मी ठिपका हिरवा केला. खाली ओळ लिहायची होती. साइट इंग्रजीत आहे, अक्षतेला तिकडे शब्द सापडेना, शेवटी 'गणपतीपुढे तांदूळ ठेवले, स्वतः पाहिलं' अशा अर्थाचं लिहिलं. दिल्लीच्या एका वाचकानं हा कुठल्या प्रकारचा करार म्हणून विचारलं. रेवतीबाईंनी काहीच विचारलं नाही. त्यांनी लिहिलं, 'आमच्याकडेही लग्नाची पहिली पत्रिका देवापुढेच ठेवतात. तिकिटं काढली.'

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी धर्मशाळेच्या दारात पोचले, तर चपलांचा ढीग. अंगणात गाठोडी, पितळी डबे, वाळत घातलेली लुगडी. साताऱ्याकडची एक बस न कळवता पहाटे येऊन उतरली होती. मी तशीच हॉलकडे धावले.

हॉल झाडलेला होता. सतरंज्या अंथरलेल्या, भिंतीशी टेबलं, टेबलांवर एक्स्टेन्शन बोर्ड. यात्रेकरू वरच्या खोल्यांत होते, गच्चीच्या जिन्यावर होते, काकांच्या ऑफिसात होते. काकांची स्वतःची खोलीही त्यांनी दिली होती; त्यांची वळकटी जिन्याखाली टेकवून ठेवलेली मला दिसली. काका एका आजोबांना समजावत होते, "वर चला बाबा, वर. खाली कार्य आहे." मी नाक पुसलं आणि खुर्च्या लावायला लागले.

दुपारी जेवणं झाल्यावर यात्रेकरू बायका कार्य बघायला खाली आल्या. एका आजींनी विचारलं, "नवरा मुलगा कुठाय?" कुणीतरी अनिरुद्धकडे बोट दाखवलं. त्याच्या हातात वायर होती, त्यानं वायरीसकट वाकून नमस्कार केला. रेवतीबाईंच्या आई त्या बायकांत जाऊन बसल्या. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती, पण गुडघ्यांवरच्या तेलाची चर्चा मात्र रंगली. रेवतीबाई अनिरुद्धचा गेम खेळत राहिल्या. चहा गार झाला, दुसरा आणला, तोही गार झाला. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी उतरतं का कधी?"

"उतरतं," अनिरुद्ध म्हणाला. "पण तोवर नाव बांधून ठेवायला हवी."

त्या दिवशी त्या आणखी काही बोलल्या नाहीत. महिन्याभरानं करार आला. शाळेतली नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. अनिरुद्धचे वडील साइट बघायला माझ्या घरी येऊन गेले आणि हिरवा रंग डोळ्यांना बरा आहे म्हणाले.

करार चांगला जाडजूड होता. सही करण्याआधी अनिरुद्धनं तो गणपतीपुढे ठेवायला नेला, मीही गेले. काकांनी पानं उलटून पाहिली. त्यांचा चेहरा काळजीनं भरला. "एवढे कागद? भांडण झालं काय रे तुमच्यात?"

"नाही काका," अनिरुद्ध म्हणाला, "ते बाहेरचे आहेत ना."

काकांना ते पटलं.

तेव्हापासून मी कुठल्याही हॉलवाल्याला बुकिंग झालंय का असं विचारत नाही. कोण आलं तर आम्हाला उठवाल, असं विचारते. मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉटेलांत आधी शांतता पसरते. मग कुणी मंत्री म्हणतं, कुणी लग्न म्हणतं, आणि माझा ठिपका पिवळाच राहतो. 'यात्रेकरू नसले की तो रिकामाच' हे उत्तर दिगंबरकाकांनी त्या पहिल्याच भेटीत, न विचारता दिलं होतं. मी तेव्हा पेन शोधत होते.