उजवीकडे दाखवणारा बाण

पेंटरच्या वडिलांनी लढाईत बंदूक चालवली नव्हती, बाण रंगवले होते. सैन्याच्या पुढे मोटारसायकलवर जायचं, वळणावर भिंतीवर बाण काढायचा, मागून ट्रक यायचे. घरी मात्र ते एवढंच सांगत, "सगळं सैन्य माझ्या मागून चाललं होतं." यात खोटं काहीच नव्हतं. त्यांच्या माघारी गल्लीच्या कोपऱ्याला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, आणि पाटीवर 'सैन्याला वाट दाखवणारा वीर' असं लिहायचं काम साहजिकच पेंटर मुलाच्या गळ्यात पडलं.

मुलगा अडून बसला. घरची शिस्तच तशी होती. साधा दवाखान्याचा बाण काढायचा तरी म्हातारा आधी दवाखान्यापर्यंत चालत जाऊन यायचा, मगच ब्रशला हात लावायचा. एकदा मुलाने न चालता बाण काढला, तर म्हाताऱ्याने महिनाभर अबोला धरला होता. आता साठीला टेकलेल्या मुलाला, वडिलांनी वाट दाखवली ती जागा न पाहता 'वीर' लिहिणं जमेना.

"अहो, मामंजी काय तपासायला येणार आहेत?" बायको म्हणाली.

"त्यांचा काही भरवसा नाही," पेंटर म्हणाला आणि पिशवीत ब्रश, डबा भरून निघाला.

वडिलांच्या लष्करी वहीत एकाच नाक्याचं नाव होतं, खाली तीन रेघा मारलेल्या. दोन दिवस बस बदलत तो तिथे पोहोचला. कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीवर फिकट पांढरा बाण होता, शेपटाला तोच ओळखीचा झटका. पेंटरचे डोळे भरून आले.

घरातून एक आजीबाई बाहेर आल्या. "बुजवायला आलात का तो?" त्यांनी आशेने विचारलं.

"माझ्या वडिलांनी काढलाय."

आजीबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "असं होय! मी दहा वर्षांची होते तेव्हा. पूल डावीकडे, आणि तुमच्या बाबांनी दाखवलं उजवीकडे. वीस ट्रक शिरले की आमच्या बोळात! पुढे भिंत, वळायला जागा नाही. साहेब लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, आणि तुमचे बाबा त्या पायरीवर तोंड लपवून बसले होते."

"आणि पूल?"

"तो त्याच दुपारी उडवला शत्रूने. वर चिटपाखरू नव्हतं."

पेंटर त्याच पायरीवर बसला. तो महिनाभराचा अबोला त्याला आज कळला. बापाची कीव आली, मग हसू आलं. बाण बरोबर असता तर पुलावर सगळ्यांत पुढे बापच असता, आणि आपण जन्मालाच आलो नसतो.

"अजून गाड्या शिरतात हो," आजीबाई म्हणाल्या. "आलाच आहात तर डावीकडे वळवा तेवढा."

पेंटर बोळाच्या टोकापर्यंत चालत गेला, भिंतीला हात लावून परत आला. मग डबा उघडून त्याने जुना बाण ठळक केला, जसाच्या तसा, उजवीकडे. आजीबाईंनी कपाळाला हात लावला. बाणाखाली त्याने सुबक अक्षरात लिहिलं, 'पुढे रस्ता बंद.'

घरी येऊन त्याने कोपऱ्याची पाटी रंगवली. मजकुरातला एक शब्दही बदलला नाही.