काचेची तार

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोलाही न्हाई. आणि आता सांगायला बसलो तर — बघा ना — आधी यंत्राचंच बोलावंसं वाटतंय. स्वतःचं सोडून!

बरं, यंत्राचंच. नव्वदीच्या अखेरीस जालन्यात एका बियाणं कंपनीत मी यंत्रं सांभाळायचो. नवं वाण काढायला तिथं कपाशीच्या बियांवर गॅमा किरण सोडायचे. आत बी कोमट राहावं म्हणून हीटर होता, आणि तापमान सांगायला काचेची बारीक तार — ऑप्टिकल फायबर. तिच्यातून परत येणाऱ्या उजेडावरून आकडा दिसायचा, आकड्यावर हीटर चालायचा. ही तार आणायचा हट्ट माझाच. "काचेला किरणांनी काय होतंय?" असं मी भर मीटिंगमध्ये म्हणालो होतो. काय होतंय! काच काळवंडते, उजेड गिळते, आकडा खाली येतो. माहितीपुस्तिकेत लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं का? छे!

नोंदी सुमनबाई ठेवायच्या, राजूरकडच्या. त्या दोनदा म्हणाल्या, "सर, आकडा कमी दाखवून राह्यलाय. बी हाताला गरम लागतंय."

मी वैतागलो. "तुम्ही फक्त लिहा, बाई."

हीटर चालूच राहिला. तीन वर्षं जपलेलं बी भाजून निघालं. एक दाणा उगवला न्हाई. चौकशी लागली. साहेब यायच्या आदल्या दिवशी मी ती तार काढली, एका टोकाला बॅटरी धरली. पलीकडं जेमतेम उजेड. नव्या तारेत लख्ख. समजलं — बिलकुल समजलं. मंग मी काय करावं? गुपचूप नवी तार बसवली, आणि साहेबांपुढं यंत्र चालवून दाखवलं. आकडा बराबर.

सुमनबाई तिथंच उभ्या होत्या. "तार बदलली का, सर?"

"न्हाई," मी म्हणालो.

बस. एवढंच. यंत्र बराबर, म्हणजे आकडेच चुकीचे लिहिले, असा ठपका त्यांच्यावर आला, नोकरी गेली. माझी राहिली, पुढं बढतीही मिळाली. चीड कशाची येते, सांगू? पोटासाठी खोटं बोललो असं म्हणायचीही सोय न्हाई. मला कुणी काढणार नव्हतं. मीटिंगमध्ये हसले असते, फार तर. हसले असते — आणि तेवढ्यापायी?

त्या आता अंकुशनगरला असतात, शिवणकाम करतात. जालन्याहून बस आहे. दीड तासाचा रस्ता. इतक्या वर्षांत मी गेलो न्हाई.