धाकटीला शिकवलेलं वाक्य

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमच्या अनसिंग गावच्या शाळेत आम्ही मुली मोजून नऊ. मी चौथीत होते, धाकटी बहीण दुसरीत. तिला बोलता येत होतं, पण माणसांशी बोलता येत नव्हतं. कोणी "काय जेवली?" असं विचारलं, की तीही "काय जेवली?" असंच म्हणायची. कोणी हसलं की हसायची, आणि कोणी रडलं तरी हसायची. मुली तिला खेळात घेत नसत.

एक दिवस मास्तरांनी मला थांबवलं. "तिले रागावून काही होत नाही. काय बोलावं हेच तिले सुचत नाही. तू एकेक वाक्य शिकव. अन् एखादी मैत्रीण जोडून दे."

मी शिकवायला लागले. संध्याकाळी ओट्यावर बसून आमचा सराव चाले. "कोणी भेटलं की म्हणायचं, काय करून राह्यली? मंग थांबायचं. तिचं बोलणं होऊ द्यायचं. मंग म्हणायचं, मी येऊ का?" वाक्यं तिला लगेच पाठ होत, थांबणं मात्र जमत नसे. म्हणून मी तिचा हात हातात घेऊन एकेक बोट दाबायची. पाचही बोटं होईपर्यंत गप्प राहायचं.

मैत्रीण तिनं स्वतःच मिळवली. गावातल्या मुसलमान शिंप्याची मुलगी दुसरीतच होती. तिचा परकर उरलेल्या तुकड्यांचा शिवलेला होता. धाकटी तिच्यासमोर बसली आणि तुकडे मोजायला लागली. दुसरी कोणी असती तर चिडली असती. ही म्हणाली, "मागचे राह्यले की!" आणि पाठमोरी उभी राहिली. त्या दिवसापासून दोघी शेजारी बसू लागल्या.

मला आनंद झाला होता, हे खरं आहे. पण माझ्या वर्गात दोन मोठ्या घरच्या मुली होत्या, आणि मला त्यांच्यात बसायचं होतं. त्या मला 'येडीची बहीण' म्हणत. एका मधल्या सुट्टीत त्यांतली एक म्हणाली, "तू सांगतं तेच बोलते ना ते? मंग बोलव ना काही गमतीचं."

मी धाकटीला बाजूला घेतलं. रोजच्यासारखा तिचा हात धरला आणि नवं वाक्य दिलं: "तुया बाप लोकायचं कापड चोरते."

ती मैत्रिणीजवळ गेली. मी शिकवलेल्या त्याच गोड आवाजात तिनं ते वाक्य म्हटलं. मग शिकवल्याप्रमाणे थांबली, आणि आपलीच बोटं दाबत उत्तराची वाट पाहत राहिली.

शिंप्याची मुलगी पाटी उचलून घरी निघून गेली. त्या दोघी हसल्या. मीही हसले.

हे मास्तरांच्या कानावर गेलं. त्यांनी धाकटीला विचारलं, "कोनं शिकोलं हे?"

"आक्कानं."

"नाही जी," मी म्हणाले, "ते आपल्या मनानंच बोलली."

धाकटीला खोटं बोलता येत नाही हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. मास्तरांनी मला नुसतं जागेवर जाऊन बसायला सांगितलं. छडी मारली असती तर बरं झालं असतं.

ती मुलगी शाळेत यायची थांबली. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर धाकटी घरी आली नाही. शोधत गेले तर ती शिंप्याच्या बंद दारासमोर उभी होती आणि एकेक वाक्य दाराला म्हणून दाखवत होती. "काय करून राह्यली?" मग थांबली. "मी येऊ का?" पुन्हा थांबली. ओट्यावर शिकलेली वाक्यं संपली तरी दार उघडेना. मग तिनं उरलेलं वाक्य काढलं. "तुया बाप..."

मी धावत जाऊन तिचं तोंड दाबलं. तेवढ्यात दार उघडलं. शिंपी समोर उभा होता.

"चाचा, ते मी शिकोलं होतं," मी म्हणाले. "तिले त्याचा अर्थ ठाव नाही."

तो रागावला नाही. "तुले तर ठाव होता ना, बेटी?" एवढंच म्हणाला.

मी धाकटीच्या तोंडावरचा हात काढला.

त्याची मुलगी त्याच्या मागून पुढे आली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. धाकटीला विचारलं, "ते तुया मनातलं होतं का?"

"नाही. आक्काचं."

"मंग तुया मनातलं बोल."

धाकटी म्हणाली, "आमच्या बकरीले दोन पिल्लं झाले. एक लंगडं हाये."

हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. ती मुलगी बापाला विचारून तशीच आमच्या घराकडे निघाली. दोघी पुढे चालत होत्या, मी मागून.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली आणि धाकटीशेजारी बसली. माझ्याशी मात्र कामापलीकडे कधी बोलली नाही. मायला मी यातलं काहीच सांगितलं नाही. ती शेजारणींना कौतुकानं सांगायची, "मोठीनं लहानीले बोलाले शिकोलं," आणि मी ऐकून घ्यायची. मोठ्या घरच्या त्या दोघी मुलींशी मी भांडलेसुद्धा नाही. चौथी संपेपर्यंत त्यांच्याच शेजारी बसत राहिले.