सासूबाईंचा मोतीबिंदू

डोळ्यावर बांधायची हिरवी पट्टी औषधाच्या दुकानात दिसली, की मला रायपूरच्या तात्यापाऱ्यातला तो उन्हाळा आठवतो. छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं. नवऱ्याच्या महामंडळाची भोपाळ आणि रायपूर अशी वाटणी चालली होती आणि जास्तीची माणसं घरी बसवणार, असं जो तो सांगत होता. नोकरी होती तोवर आईवडिलांच्या दवाखान्याचं बिल ऑफिस द्यायचं, म्हणून सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी उरकून घ्यावं असं मी ठरवलं. त्या ऐकतच नव्हत्या. कधी ऊन फार, कधी एकादशी, कधी लोणचं घालायचं राहिलंय. नवऱ्याला म्हटलं, तर पेपरातून डोकं न काढता तो म्हणाला, "बोलून राहिलो ना मी तिच्याशी." एक शब्द बोलला नव्हता. शेवटी कैऱ्या चिरता चिरता मी वैतागून विचारलं, "आई, काहून नाही म्हणता तुम्ही?" फोडी चाचपत त्या म्हणाल्या, "आता डोळा बनवला, म्हणजे पोराची नोकरी चालली हे मीच कबूल केलं ना. मले नाही करायचं." "नोकरी जायची तर जाईल, डोळा तरी राहील," असं म्हणून दुसऱ्याच सकाळी मी त्यांना रिक्षात बसवलं. पट्टी निघाली तेव्हा समोर नवरा उभा होता. त्याच्याकडे टक लावून बघत त्या म्हणाल्या, "काहून इतका वाळला रे तू?" त्यानं मान फिरवली. वर्ष संपता संपता त्याला कमी केलं; बिल तेवढं मिळालं होतं. इतक्या वर्षांनीही मला माझाच राग येतो. रोज त्याला ताट वाढत होते मी, आणि तो वाळलेला मला दिसला नव्हता.