चाकातल्या हवेचा दिवा

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा आहे. चाकातली हवा कमी झाली की तो पेटतो. एका शनिवारी तो पेटला आणि माझं नशीब बघा, नेमकी मी गाडी चालवत होते. घरी येऊन मी भाबडेपणाने सांगून टाकलं. नवऱ्याचा पहिला प्रश्न, "काय केलंस तू?"

काय केलं म्हणजे? गाडी चालवली. आणखी काय करतात गाडीचं, लोणचं घालतात?

मी गाडी शिकले पन्नाशी उलटल्यावर आणि तीही एकाच कारणासाठी. माझी आई जोगेश्वरीला एकटी राहते. गुडघे गेल्यापासून तिला रिक्षात चढता येत नाही, पण आमच्या गाडीची पुढची सीट तिला बरोबर जमते. दर शनिवारी मी नाहूरहून निघायचे, तिला घ्यायचे आणि वर्सोव्याच्या मासळीबाजारात न्यायचे. मालवणची बाई ती. कोळणीशी भांडल्याशिवाय घेतलेलं पापलेट तिच्या घशाखाली उतरत नाही. आठवड्यातून तेवढं एकदाच ती घराबाहेर पडायची.

रविवारी आमच्या सोसायटीतले पुरुष गाडीभोवती जमले. आमच्याकडे रीतच आहे ती. कुणाच्या गाडीला काही झालं की सगळे चहाचे कप घेऊन खाली उतरतात आणि टायरला लाथा मारतात. "हवा आहे रे," एक म्हणाला. "मला कमी वाटते," दुसरा म्हणाला आणि त्याने पुन्हा मारून बघितली. ज्या काकांकडे गाडीच नाही, त्यांनी सगळ्यांत जोरात मारली आणि नंतर बराच वेळ ते एका पायावर उभे होते. लाथा संपल्यावर कुणीतरी विचारलं, "वहिनी चालवतात ना?" सगळ्यांच्या माना डोलल्या. झालं निदान!

मुलुंडच्या गॅरेजवाल्याने लाथ न मारता मीटर लावला. चारही चाकांत हवा व्यवस्थित होती. "सेन्सर गेलाय," तो म्हणाला, "पार्ट मागवावा लागेल." मी विचारलं, "तोपर्यंत गाडी चालवली तर चालेल ना?" त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बिनधास्त चालवा सर," तो नवऱ्याला म्हणाला, "फक्त पंपावर हवा चेक करत जा." प्रश्न माझा, उत्तर सरांना. म्हटलं जाऊ दे, उत्तर तर मिळालं.

कसलं काय! घरी येताच नवऱ्याने चावी खिशात टाकली. "पार्ट येईपर्यंत तू नको चालवूस. उगाच रिस्क कशाला?" आणि सोमवारी तीच गाडी, तोच दिवा घेऊन शीळ वाजवत ऑफिसला गेला. मी विचारलं, "अरे, तुला बघून रिस्क पळून जाते का?" तर म्हणतो, "माझी गोष्ट वेगळी आहे. मला अंदाज येतो." अंदाज! पार्किंगच्या खांबावर आमच्या गाडीचा रंग अजून आहे, तो याच्याच अंदाजाचा.

पार्ट काही येईना. शनिवार आले आणि गेले. आई फोनवर म्हणायची, "माझा काय नाय गो, तू जीवाक लावून घेव नको." एकदा शेजारणीने तिला ऑनलाइन सुरमई मागवून दिली. कशी होती, विचारलं तर म्हणाली, "थर्माकोल." मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त आला.

पुढच्या शनिवारी मी नवऱ्याला अंथरुणातून उठवलं. "मला चालवू देत नाहीस ना? मग तू चल. आईला बाजारात न्यायचंय." बिचारा तोंड एवढंसं करून निघाला. जोगेश्वरीला आई पुढे बसली, मी मागे. लिंक रोडच्या सिग्नलला थांबलो, तेव्हा तिचं लक्ष गेलं.

"जावयबापू, ह्यो दिवो कसलो?"

"तो होय? काही नाही हो आई. सेन्सर बिघडलाय, खोटाच पेटतो. लक्ष नका देऊ."

आईने मागे वळून माझ्याकडे बघितलं. "मगे माझ्या चेडवाक इतके दिस घरात कित्याक बसवल्यात?"

नवऱ्याने सिग्नलकडे आशेने बघितलं. मेला लालच होता. "आई, मला तिची काळजी वाटते हो."

"काळजी तिची आणि उपास माझो?"

मी खिडकीबाहेर तोंड करून हसले. पोट दुखेपर्यंत हसले.

बाजारात आईने कोळणीशी असं काही भांडण केलं की कोळीणसुद्धा खूश झाली. "आये, होतीस कुठं इतके दिवस?" तिने विचारलं. आईने जावयाकडे बोट दाखवलं. परत निघताना मी हात पुढे केला. नवऱ्याने चावी काढून दिली आणि मासळीची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसला.

पार्ट अजून आलेला नाही. मी पंपावर हवा तपासते आणि गाडी चालवते. चावी आता माझ्या पर्समध्ये असते. हवी असेल तर आईला फोन करून माग, असं मी नवऱ्याला सांगून ठेवलंय. त्याची अजून छाती झालेली नाही. ऑफिसला रिक्षाने जातो.